वाटसरूने पाहिलेले बंड : ‘माझा प्रवास’ आणि परक्या शहरातील मराठी घर

१

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास लिहिताना विष्णुभट गोडसे वरसईकर ह्यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथाचा उल्लेख टाळता येत नाही. मात्र हा उल्लेख बहुतेक वेळा वाङ्मयाच्या अंगाने न होता इतिहासाच्या अंगाने होतो. १८५७ च्या बंडाची एका मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेली हकीकत, झाशीच्या वेढ्याचे आतून केलेले वर्णन, राणी लक्ष्मीबाईच्या दिनक्रमाचा विश्वसनीय पुरावा, अशा कारणांसाठी ह्या ग्रंथाकडे अभ्यासक वळतात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्यामुळे एक साधा प्रश्न मागे पडला. जो मनुष्य ह्या बंडात कोणत्याही बाजूने सामील नव्हता, ज्याचे ह्या शहरांत घर नव्हते, शेत नव्हते, चाकरी नव्हती, त्याला पेटलेल्या शहरात नेमके काय दिसले? आणि जे दिसले ते तसेच का दिसले?

परमुलखात गेलेला माणूस आणि त्या मुलखात उसळलेला राजकीय क्षोभ ह्यांची गाठ पडते, तेव्हा लेखनापुढे एक नैतिक अडचण उभी राहते. पाहुण्याला घटनेची किंमत मोजावी लागत नाही अशी समजूत असते. त्यामुळे त्याची साक्ष निःपक्षपाती मानली जाते किंवा उथळ म्हणून बाजूला ठेवली जाते. गोडसे ह्यांचे लेखन ह्या दोन्ही कल्पनांना छेद देते. त्यांनी किंमत मोजली, पण पक्ष घेऊन मोजली नाही. त्यांची साक्ष निःपक्षपाती नाही, तरीही ती उथळ नाही. ह्या वैशिष्ट्याचे कारण त्यांच्या स्वभावात जितके आहे तितकेच ते ज्या वाटेने गेले त्या वाटेच्या रचनेत आहे. ती वाट उत्तरेतील मराठी वस्त्यांची वाट होती, आणि तिच्या एका टोकाला काशी होती.

२

काशीतील दूधविनायक हे नाव महाराष्ट्रातील वाचकाला फारसे परिचित नसले, तरी काशीतील मराठी घराण्यांना ते घरचे आहे. गणपतीच्या देवळावरून नाव पडलेला हा मोहल्ला, त्याच्या जवळचे ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा हा परिसर, येथे महाराष्ट्रातून गेलेल्या वैदिकांची, शास्त्र्यांची व आश्रितांची घराणी पिढ्यान्पिढ्या राहत आली. ही वस्ती एका दिवसात झाली नाही. सोळाव्या शतकात पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी काशीच्या विद्वत्सभेत अग्रस्थान मिळवले. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक केला. पुढे अठराव्या शतकात मराठी सत्तेचा पैसा काशीच्या घाटांवर, देवळांत आणि अन्नछत्रांत उतरला. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे आजचे मंदिर बांधले. नागपूरकर भोसल्यांचा घाट झाला, शिंद्यांचा झाला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे ह्यांनी १८२८ च्या सुमारास ज्ञानवापीभोवतीचा मंडप उभारला. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी आप्पा काशीत राहिले. त्यांच्याच आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली, आणि हीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली.

ह्या तपशिलाचा गोडसे ह्यांच्या ग्रंथाशी थेट संबंध आहे. वरसईच्या भिक्षुकाला ज्या बायजाबाईच्या यज्ञाची वार्ता ओढून नेते, त्यांच्या दानाच्या खुणा काशीत आधीच होत्या. आणि ज्या राणीच्या आश्रयाने तो झाशीत राहतो, ती काशीतल्या मराठी वस्तीची लेक होती. दूधविनायक हे नाव म्हणून येथे एका गल्लीपुरते न घेता एका व्यवस्थेचे नाव म्हणून घेता येते. परक्या शहरात आपल्या भाषेचे दार असणे, त्या दारात शाखा व गोत्र सांगितले की पंक्तीत पान मिळणे, मुक्कामाला ओसरी मिळणे आणि पुढच्या गावच्या कुणाला तरी देण्यासाठी ओळखीची चिठ्ठी मिळणे, ही ती व्यवस्था. ब्रह्मावर्त, झाशी, ग्वाल्हेर, सागर, उज्जैन, धार, इंदूर ही गावे ह्याच साखळीचे दुवे होती. कोकणातून निघालेला गरीब ब्राह्मण हजार मैल चालत जाऊ शकत होता तो ह्या साखळीच्या भरवशावर.

परंतु साखळीतील प्रत्येक घर एका परक्या शहरात होते, आणि त्या शहराचे स्वतःचे राजकारण होते. काशीचेच उदाहरण घ्यावे. १७८१ मध्ये राजा चेतसिंगाला अटकेत टाकणाऱ्या वॉरन हेस्टिंग्जला काशीच्या लोकांच्या क्षोभापुढे चुनारला पळ काढावा लागला. १८१० मध्ये कंपनी सरकारने घरपट्टी बसवली, तेव्हा नगरातील लोकांनी दुकाने बंद केली, घरे सोडून उघड्या मैदानात ठाण मांडले. लोहारांपासून नावाड्यांपर्यंत सगळ्यांनी काम थांबवले. आणि अखेर १८११ मध्ये सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. धर्मपाल ह्यांनी १९७१ साली सरकारी कागदपत्रांच्या आधारे ह्या प्रतिकाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि सविनय कायदेभंगाची मुळे गांधीजींच्या आधीच्या भारतीय परंपरेत दाखवून दिली.

ह्याच घटनेची हकीकत एका परकीय पाहुण्यानेही लिहून ठेवली आहे. कलकत्त्याचा बिशप रेजिनल्ड हेबर १८२४ मध्ये बनारसला आला. त्याचे प्रवासवृत्त १८२८ मध्ये छापले गेले. त्यात तो ‘धरणे’ ह्या प्रकाराचे कुतूहलाने वर्णन करतो. हेबर सहृदय निरीक्षक होता, ह्यात शंका नाही. पण तो शहर पाहतो ते राज्यकर्त्यांच्या बंगल्यातून बाहेर पडून. लोकांचे धरणे त्याच्या दृष्टीने आशियाई स्वभावाचा एक नमुना असतो. त्याला घटना ऐकायला मिळते, तिचा धोका त्याच्यापर्यंत पोचत नाही. गोडसे ह्यांच्या पाठीशी राज्यसत्ता नव्हती, तसाच शहरातील लोकांच्या लढ्यातही त्यांचा वाटा नव्हता. त्यांच्याजवळ होते ते परक्या शहरातील मराठी घर. ते सुरक्षितही होते आणि ऐन वेळी सर्वांत धोक्याचेही ठरणार होते. ‘माझा प्रवास’मधील दृष्टीचा उगम ह्या घरात आहे.

३

ग्रंथाची सुरुवात कर्जाने होते, ही गोष्ट वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाची आहे. वरसईच्या गोडसे घराण्यावर देणे होते. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, त्यासाठी लाखो रुपयांचा खर्च होणार, अशी वार्ता कोकणात पोचली, आणि विष्णुभट आपले चुलते रामभट ह्यांच्यासह १८५७ च्या वसंतात घराबाहेर पडले. तीर्थयात्रेची इच्छा होतीच; पण लेखक दक्षिणेची गरज तिच्या आड लपवत नाही. पुढे ठिकठिकाणी काय मिळाले, कोणी किती दिले, कोठे निराशा झाली ह्याचा हिशेब तो मांडत जातो. आधुनिक वाचकाला हा हिशेब प्रथम खटकतो. एवढी मोठी घटना घडत असता हा गृहस्थ रुपये मोजतो आहे, असे त्याला वाटते.

परंतु हाच हिशेब ह्या निवेदनाच्या सचोटीची खूण आहे. राजकीय उलथापालथीच्या काळात लिहिणारा मनुष्य आपण तेथे कशासाठी होतो हे सहसा सांगत नाही. तो घटनेच्या थोरवीत आपला हेतू विरघळवून टाकतो. गोडसे तसे करत नाहीत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक विधानाची जागा वाचकाला ठरवता येते. राणीच्या औदार्याचे ते कौतुक करतात, तेव्हा त्या औदार्याचा लाभ त्यांना झाला आहे हे वाचकाला माहीत असते. त्यामुळे कौतुकाचे मोल कमी होत नाही, ते मोजता येते एवढेच.

महूच्या आसपास वाटेतच त्यांना शिपायांच्या तोंडून कळते की आता बंड होणार. काडतुसांची कथा त्यांच्या कानी येते. परत फिरावे की पुढे जावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो, आणि ते पुढे जातात. ह्या निर्णयात शौर्याचा आव नाही. देवावर हवाला आहे, रिकाम्या हाताने घरी कसे जावे ही लाज आहे, आणि मोठ्या माणसांच्या भांडणात गरीब ब्राह्मणाला कोण काय करणार, असा भाबडा हिशेबही आहे. क्षुब्ध मुलखात शिरणाऱ्या कोणत्याही वाटसरूच्या मनात हा हिशेब असतोच. आपण ह्या भांडणातले नाही, म्हणून आपण सुटू, असे त्याला वाटते. पुढची दोन वर्षे ह्या समजुतीचा एकेक पापुद्रा गळून पडतो, आणि ग्रंथाची खरी अंतर्गत बांधणी ह्या गळतीतून होते.

४

झाशीचे प्रकरण ग्रंथाच्या मध्यभागी आहे, आणि सर्वाधिक चर्चा त्याचीच झाली आहे. जून १८५७ मध्ये झाशीतील शिपायांनी उठाव केला, जोखनबागेत गोऱ्या अधिकाऱ्यांची त्यांच्या कुटुंबांसह कत्तल झाली. गोडसे झाशीत आले ते त्यानंतर, राणीच्या हाती कारभार असताना. सर ह्यू रोजच्या फौजेचा वेढा मार्च १८५८ मध्ये पडला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडले. म्हणजे निवेदकाला दोन झाशी दिसल्या. पहिली नांदती होती आणि दुसरी उद्ध्वस्त. दोहोंकडे तो एकाच घरातून पाहतो, ह्यात प्रकरणाचे सामर्थ्य आहे.

नांदत्या झाशीचे वर्णन तो वाड्याच्या आतून करतो. राणीचा व्यायाम, स्नान, पूजा, दरबारात बसण्याची रीत, तिचा कधी पुरुषी व कधी बायकी पोशाख, थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्यांना कपडे वाटण्याचा तिचा हुकूम, हे सारे तो सणावाराच्या वर्णनाइतक्या सहजतेने सांगतो. राणी येथे एका संस्थानाची मालकीण, एका मराठी घराची कर्ती स्त्री म्हणून दिसते. तिच्या भोवती राष्ट्रनायिकेचे तेजोवलय अजून आलेले नाही. त्यामुळे पुढे ती तटावर उभी राहते, तेव्हा त्या दृश्याला अनपेक्षित वजन येते. ज्या घरात नुकतीच पंक्ती उठली, त्याच घराने आता तोफा डागाव्यात, हा बदल वाचकाला अंगावर येतो. कारण त्याला आधी पंक्ती दाखवलेली आहे.

वेढ्याचे वर्णन करताना गोडसे युद्धशास्त्राच्या खोलात जात नाहीत. त्यांना कळते ते पाणी, अन्न, आग, आवाज आणि भीती. रात्री आकाशातून येणारे गोळे कसे दिसतात, विहिरीवर जाणे कसे जिवावर येते, कोणत्या घरात आडोसा मिळतो, हे त्यांचे विषय आहेत. शहर पडल्यावर झालेल्या सरसकट कत्तलीला ते त्या काळच्या बोलीतला ‘बिजन’ हा शब्द वापरतात. त्या शब्दाच्या वापरात कसलाही अलंकार नाही. एखाद्या रोगाच्या साथीचे नाव घ्यावे तसा तो येतो. लुटीचे वर्णनही असेच आहे. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड आणि धान्य, अशी ती पायरीपायरीने होते. दारिद्र्यात वाढलेल्या, प्रत्येक भांड्याची किंमत ठाऊक असलेल्या माणसालाच लूट अशी दिसू शकते. वाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे दुःख मात्र निराळे आहे. पोथीवर ज्याचे पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही अवलंबून, त्या माणसाचे ते दुःख आहे.

ह्याच ठिकाणी वाटसरूची समजूत पूर्णपणे मोडते. तो भांडणातला नव्हता, पण ज्या घरात तो होता ते घर भांडणातले होते. मराठी घराने त्याला आसरा दिला, आणि त्याच घरामुळे तो शत्रूच्या शहरातला माणूस ठरला. गोऱ्या शिपायाला वरसई आणि झाशी ह्यांतील फरक कळण्याचे कारण नव्हते. लपून, विनवण्या करून, जवळचे सारे गमावून चुलते-पुतणे वाचले. पाहुण्याला घटनेची किंमत मोजावी लागत नाही, ही समजूत किती अपुरी आहे ह्याचा प्रत्यय ह्या पानांतून येतो.

मात्र घर जे दाखवते त्याबरोबर ते काही झाकतेही. झाशी केवळ मराठी वाड्याची नव्हती. बुंदेले, पठाण, कोरी, हलवाई, कारागीर अशा नाना जातींचे ते शहर होते, आणि शहराच्या रक्षणात त्यांचा वाटा मोठा होता. गोडसे ह्यांच्या निवेदनात ही माणसे येतात, पण बहुधा गर्दी म्हणून, घटनेचे कारण किंवा परिणाम म्हणून. त्यांच्या घरात निवेदक शिरत नाही. सोवळ्याओवळ्याच्या आणि पंक्तीच्या मर्यादा त्याच्या पायांना जितक्या आहेत तितक्याच दृष्टीलाही आहेत. बंड का झाले, हे तो धर्म बुडत असल्याच्या भीतीतून समजून घेतो. बुंदेलखंडातील शेतकऱ्याला, जमीन गेलेल्या ठाकुराला किंवा बेकार झालेल्या विणकराला बंडाचा अर्थ काय होता, हे विचारणारे कोणी त्या ओसरीवर नव्हते. ही ग्रंथाची मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘माझा प्रवास’ला १८५७ चे संपूर्ण चित्र म्हणून जे वाचतात, ते ग्रंथावर त्याला न पेलणारा भार टाकतात.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. पराभूत, धुळीने माखलेली राणी आणि विहिरीवर पाणी काढणारा भिक्षुक ह्यांची अवचित गाठ पडते. तो तिच्यासाठी पाणी काढू पाहतो. विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून ती त्याला थांबवते आणि स्वतः पाणी काढून घेते. मग आपल्या दैवाविषयी ती चार शब्द बोलते. ह्या प्रसंगाला करुणरसाचा नमुना म्हणून अनेकांनी वाखाणले आहे. पण त्यातील अधिक सूक्ष्म गोष्ट अशी की सगळे राज्य गेल्यावरही घराची रीत शिल्लक राहते. वाडा जळाला, तरी त्या वाड्यातील यजमान आणि भिक्षुक ह्यांचे नाते दोघांनाही विसरता येत नाही. त्या रीतीत माणुसकी आहे आणि तिच्यातच जातिव्यवस्थेची चौकटही आहे. दोन्ही एकाच कृतीत दिसतात, आणि लेखक त्यांवर भाष्य करत नाही.

५

झाशी, काल्पी, चित्रकूट अशी वणवण करत, पुन्हा पुन्हा नागवले जात, विष्णुभट अखेर तीर्थांच्या वाटेला लागतात. अयोध्या, काशी, प्रयाग ही नावे आता ग्रंथात येतात ती निराळ्या अर्थाने. सुरुवातीला यात्रा ही द्रव्यार्जनाला जोडून आलेली गोष्ट होती. आता द्रव्य उरलेले नाही आणि यात्रा तेवढी उरली आहे.

काशीही तोवर बंडाच्या तडाख्यातून गेली होती. ४ जून १८५७ रोजी देशी पलटणीला निःशस्त्र करताना तेथे गोळीबार झाला, आणि कर्नल नीलच्या अमलाखाली शहरात व भोवतालच्या खेड्यांत फाशीचे सत्र चालले. झाशीप्रमाणे शहर लढले नाही. ते दडपले गेले. १८१० मध्ये घरपट्टीविरुद्ध घराबाहेर पडून बसणारे हेच नगर होते. हातात शस्त्र न घेता सरकारला नमवण्याचा अनुभव ज्या शहराच्या स्मरणात होता, त्याला आता फाशीचे खांब पाहावे लागले. गोडसे ह्या इतिहासात शिरत नाहीत. दूधविनायक, ब्रह्माघाट ह्या बाजूंना मराठी माणसाला जे काशीदर्शन घडते, त्यात गंगा, विश्वेश्वर, श्राद्ध आणि वेदघोष ह्यांना स्थान असते. शहराच्या राजकीय स्मृतीला नसते. झाशीत ज्या घरामुळे त्यांना बंड दिसले, तशाच घरामुळे काशीत ते दिसेनासे होते, असे म्हणता येईल. घर झाशीत सत्ताधाऱ्याचे होते, काशीत ते देवाच्या आश्रयाला राहणाऱ्याचे होते. दोन शहरांच्या वर्णनांतील तफावत लेखकाच्या कमीअधिक कौशल्यातून आलेली नाही. तो कोणाच्या ओसरीवर बसला होता ह्यातून ती आली आहे.

आणि तरीही काशीचा भाग ग्रंथाला त्याचा शेवट मिळवून देतो. जवळचे धन लुटले गेले, तेव्हा विष्णुभट गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतीची वाट धरतात, आणि वरसईला पोचून त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतात. कर्जफेडीसाठी निघालेला मुलगा घरी आणतो ते पाणी. ह्या शेवटाकडे केवळ भाविकतेचा पुरावा म्हणून पाहणे पुरेसे नाही. दोन वर्षांत त्याने पाहिलेल्या कत्तली, आगी, भूक, भय ह्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याच्याजवळ राजकीय विचारांची भाषा नव्हती. जी भाषा होती ती ऋणाची होती, देवऋण, पितृऋण आणि सावकाराचे ऋण. सावकाराचे ऋण फिटले नाही, निदान ठरवले होते तसे फिटले नाही. पितृऋण मात्र कावडीने फेडले गेले. पेटलेल्या मुलखातून जिवंत परतलेल्या माणसाने आपल्या जगण्याला दिलेला हा अर्थ आहे. तो वाचकाला पटो वा न पटो, तो उसना नाही.

६

ह्यापुढे प्रश्न उरतो तो ग्रंथाच्या पाठाचा. विष्णुभटांनी ही हकीकत लिहिली ती चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून, १८८३ च्या सुमारास. म्हणजे घटना आणि लेखन ह्यांत पाव शतकाचे अंतर आहे. वैद्यांनी ती छापली १९०७ मध्ये, बंडाच्या पन्नासाव्या वर्षी, आणि छापताना मजकुराची भाषा व मांडणी ह्यांत फेरफार केले. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले, आणि दत्तो वामन पोतदार ह्यांनी मूळ बरहुकूम आवृत्ती प्रसिद्ध केली ती १९६६ मध्ये. जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे ह्यांना वैद्यांच्या भाषेत वाचत होता. अमृतलाल नागरांनी ‘आँखों देखा ग़दर’ ह्या नावाने ग्रंथ हिंदीत नेला; २०१० नंतर इंग्रजीतही एकाहून अधिक अनुवाद झाले. ग्रंथाचा वाचकवर्ग असा वाढत असताना कोणता पाठ वाचला जात आहे, ह्याची जाणीव ठेवणे अधिकच आवश्यक झाले आहे.

वैद्यांवर दोषारोप करण्याचे कारण नाही. राजद्रोहाच्या खटल्यांच्या काळात १८५७ वरचे पुस्तक छापणे हे धाडसच होते, आणि शिष्टसंमत गद्यात ते आणणे त्यांना कर्तव्य वाटले असावे. पण वाक्ये घासूनपुसून सुबक झाली की वाटसरू हळूहळू इतिहासकारासारखा बोलू लागतो. मूळ लेखनातील अडखळ, फारसी-हिंदी शब्दांची सरमिसळ, एका विषयातून दुसऱ्यात घसरणे, रुपयांचा हिशेब आणि रक्तपात एकाच दमात सांगणे, ही त्या दृष्टीची अंगे आहेत. शैलीचे दोष म्हणून ती काढून टाकली तर साक्षीदाराचा चेहराच बदलतो. विद्यापीठांत हा ग्रंथ शिकवताना दोन्ही पाठ समोरासमोर ठेवले, तर मराठी गद्य कसे घडले आणि घडताना त्याने काय गमावले, ह्याचा धडा विद्यार्थ्यांना आपोआप मिळेल.

त्याच सुमारास दुसरा एक मराठी तरुण परक्या शहरात बसून ह्याच विषयावर लिहीत होता. विनायक दामोदर सावरकरांचे १८५७ वरील पुस्तक लंडनमध्ये, तेथील ग्रंथालयांतील इंग्रजी कागदपत्रांतून तयार झाले आणि १९०९ मध्ये इंग्रजी रूपात बाहेर आले. गोडसे घटनास्थळी होते, पण घटनेला नाव देण्याची त्यांना गरज वाटली नाही. प्रचलित ‘बंड’ हाच शब्द त्यांना पुरला. सावरकर घटनेपासून पन्नास वर्षे आणि हजारो मैल दूर होते, आणि नाव देणे हेच त्यांच्या लेखनाचे कार्य होते. दोन्ही पुस्तके पुढे एकत्र वाचली गेली, आणि अनेकदा पहिल्याचा उपयोग दुसऱ्याचा पुरावा म्हणून झाला. त्यात गोडसे ह्यांचे नुकसान झाले. त्यांची भीती, त्यांचा लोभ, त्यांचे जातीय संकोच, इंग्रजांविषयीचा त्यांचा दरारा, हे सारे अडगळीत गेले आणि राणीचे दर्शन घेतलेला भाग्यवान एवढेच त्यांचे रूप उरले.

तुलनेसाठी पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेवरील प्रवासवृत्ताचेही स्मरण होते. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात परक्या देशातील संस्था, स्त्रियांच्या चळवळी, गुलामगिरीविरुद्धचा लढा ह्यांकडे रमाबाई शिकण्याच्या हेतूने पाहतात. परमुलूख त्यांना आपल्या समाजाकडे नव्याने पाहण्याचे साधन देतो. गोडसे ह्यांनी आपली हकीकत लिहिली आणि रमाबाईंचे पुस्तक आले ते एकाच दशकात, पण दोन्ही दृष्टींत एका युगाचे अंतर आहे. रमाबाईंना परक्या देशात ‘आपले घर’ मिळणार नव्हते. मायदेशातील घरही त्यांच्यासाठी फारसे उघडे नव्हते. म्हणून त्यांना बाहेरचे शहर अधिक मोकळेपणाने दिसले. गोडसे ह्यांना वाटेवर घर मिळत गेले, म्हणून त्यांना शहराचा अंतर्भाग जवळून दिसला, पण ओसरीपलीकडचे शहर दुरूनच दिसले. मराठी प्रवासलेखनात हे दोन मार्ग तेव्हापासून चालत आले आहेत. परगावी, परदेशी गेलेला मराठी माणूस प्रथम मराठी घर शोधतो, आणि त्या घरातून दिसलेल्या गावाला तो ‘मी पाहिलेले गाव’ म्हणतो. गाव शांत असते तोवर ह्या समजुतीतून फारसे बिघडत नाही. रस्त्यावर लोक उतरतात, तेव्हा मात्र तो कोणत्या खिडकीत उभा आहे ह्यावर सारे अवलंबून राहते.

‘माझा प्रवास’चे मोठेपण असे की त्यातील निवेदकाने आपली खिडकी कोठेही झाकलेली नाही. कोणत्या घरात होतो, कोणाचे अन्न खाल्ले, किती दक्षिणा मिळाली, कोठे लपलो, काय गमावले, हे तो सांगून ठेवतो. त्याने जे पाहिले नाही ते वाचकाला इतरत्र शोधावे लागेल. काशीच्या घरपट्टीविरोधी धरण्याची कहाणी धर्मपालांच्या कागदपत्रांत शोधावी लागते, झाशीच्या कोऱ्यांची आणि बुंदेल्यांची लोकगीतांत व मौखिक परंपरेत. पण त्याने पाहिलेल्याची हद्द कोठे संपते हे समजण्यासाठी दुसऱ्या पुराव्याची गरज पडत नाही, ती त्याच्याच वाक्यांत आखलेली आहे. साक्षीदाराकडून ह्याहून अधिक अपेक्षा वाङ्मयाने करू नये, आणि ह्याहून कमीवर इतिहासाने समाधान मानू नये.